बाईंचा सातवा हॉल

हॉल बघायला गेलं की बाई आधी मोरीत शिरायच्या.

हॉलचा मॅनेजर बिचारा झुंबराकडे बोट दाखवून ते कुठून आणलं ते सांगत असायचा, पडद्याची मखमल चिमटीत धरून दाखवायचा, आणि बाई मधेच विचारायच्या, "बायकांची मोरी कुठेय?" मग तिथे जाऊन नळ सोडून बघायच्या, दाराला कडी लागते का बघायच्या. नाही लागली तर आतूनच मला हाक यायची, "लिही रे. कडी नाही." मी बाहेर, मॅनेजरच्या नजरेला नजर न देता, वहीत लिहायचो : कडी नाही.

मी तेव्हा कारखान्यात पर्सोनेल खात्यात टायपिस्ट होतो आणि बाई आमच्या वेल्फेअर ऑफिसर. कारखाना रंगांचा. पावणे गावाच्या अलीकडे, एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला ठाण्याची खाडी. नवी मुंबई हे नाव तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हतं. ठाण्याहून बेलापूरकडे जाणारा एक रस्ता, त्याच्या कडेने नुकत्याच उठलेल्या चिमण्या आणि त्यांच्यामधे राहून गेलेली भाताची खाचरं, एवढाच तो मुलूख. साठच्या आसपास तिथे जमिनी घेतल्या गेल्या, आणि त्या पुढच्या दोन-चार वर्षांत ज्यांची खाचरं गेली तीच माणसं खाकी हाफपँट घालून आमच्याकडे पाळीवर यायला लागली.

कंपनीचं मुख्य ऑफिस मात्र फोर्टात होतं आणि कंपनीचे समारंभ मुंबईतच व्हायचे. वार्षिक संमेलन, रंगविक्रेत्यांची परिषद, परदेशी पाहुणे आले की शास्त्रीय नृत्याचा कार्यक्रम. आमच्या बाजूला दोनशे माणसं एका छपराखाली बसतील अशा दोनच जागा होत्या, एक देवळाचा मंडप आणि दुसरं आमचं गोदाम. तेव्हा दरवेळी मुंबईत हॉल शोधायचा, आणि तो शोधायचं काम कसं कोण जाणे बाईंकडे आलं होतं. त्यांच्यासोबत वही घेऊन जायचं काम माझ्याकडे. कंपनीच्या जुन्या स्टेशन वॅगनमधून सकाळी निघायचं, ठाण्याला वळसा घालून मुंबई गाठायची, दोन हॉल बघायचे, संध्याकाळी कंबर धरून परत यायचं आणि दुसऱ्या दिवशी अहवाल टाइप करायचा. ऐकायला मजेचं वाटतं. मी तीन वर्षं केलं, आणि आजही कुठे मखमली खुर्च्यांची रांग दिसली की पहिल्यांदा मला थकवा येतो.

बाई पन्नाशीच्या. पांढरं, बारीक काठाचं पातळ, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि पायात कॅनव्हासचे बूट. पातळाखाली ते बूट बघून हॉलचे ट्रस्टी जरा गडबडायचे. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "चपलेचा आवाज झाला की माणसं सावध होतात. मला हॉल सावध नसताना बघायचा असतो."

त्यांचा उजवा कान कामातून गेला होता. कशाने, ते त्या प्रत्येकाला वेगळं सांगायच्या. मला सांगितलं, लहानपणी चिंचेवरून पडले. कँटीनच्या आचाऱ्याला टायफॉइड सांगितला होता. एका ट्रस्टीने फारच खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "समारंभातली भाषणं ऐकून गेला." हा गेलेला कान त्या हॉल तपासायला वापरायच्या. शेवटच्या रांगेत, अगदी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायच्या, मान वळवून उजवा कान रंगमंचाकडे करायच्या, आणि मी रंगमंचावर उभा राहून वर्तमानपत्र वाचायचं. ओरडून नाही, बोलतो तसं. बातम्या संपल्या की मी कांद्याबटाट्याचे भाव वाचायचो. लांबून "हं, पुढे," असं आलं की ठीक. तीनदा "काय?" आलं की त्या उठायच्या.

"मला ऐकू आलं तर सगळ्यांना येईल," त्या म्हणायच्या. "पहिल्या रांगेतल्यांना कुठेही ने, त्यांच्या खुर्चीवर कुणीतरी पांढरी खोळ घालतंच. समारंभ कुणाचा असतो? शेवटच्या रांगेतल्याचा."

एका हॉलला रस्त्यापासून तेवीस पायऱ्या होत्या. हॉल सुरेख, दात्यांच्या तसबिरी, पंखे नवे. बाईंनी ट्रस्टींचं सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाल्या, "खाली जा. मूल कडेवर घे आणि वर ये."

"बाई, मूल कुठलं?"

"ही पिशवी घे."

मी त्यांची ती जड पिशवी कडेवर घेऊन भर रस्त्यावरून तेवीस पायऱ्या चढून आलो. वर आलो तेव्हा मला धाप लागली होती आणि ट्रस्टी खिडकीतून बाहेर बघत होते. "हा तरणाताठा आहे," बाई त्यांना म्हणाल्या. "दुसरं बोटाला धरलेलं असेल तर?" वहीत मी लिहिलं : पायऱ्या तेवीस.

त्यांच्या घराविषयी फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. ठाण्याला दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. येताना स्टेशन वॅगनमधे डोळे मिटून गुडघे चोळत बसायच्या आणि मधेच डोळे न उघडता म्हणायच्या, "त्या दुसऱ्या हॉलचा माठ कुठे ठेवला होता रे?" मला तेव्हा त्यांचा राग यायचा. मी पंचविशीतला. मला वाटायचं, दोन तासांच्या कार्यक्रमाला माठाची काय पंचाईत! कंपनीतले इतर अधिकारी एक फोन करून हॉल ठरवायचे आणि त्यांचेही समारंभ पार पडायचेच.

ज्या समारंभाचं मला सांगायचंय तो कंपनीच्या पंचवीस वर्षांचा.

त्या वर्षी भाद्रपदातल्या अमावस्येला खाडीला असं उधाण आलं की आमच्या मालाच्या गोदामामागचा बांध दुपारी बाराच्या सुमाराला फुटला. इंजिनियर लोक पंपाची शोधाशोध करत होते तोवर पाणी कुंपणापर्यंत आलं. तेव्हा बॉयलरवरचा जोमादादा आणि त्याच्या गावचे दहा जण पाळी सोडून धावले. जोमादादा पन्नाशीचा, काळा, काटक. गोदाम उभं होतं ती जमीन कधीकाळी त्याच्या बापाची होती. त्या लोकांनी आयुष्यभर खाडीचं खारं पाणी अडवणारे बांध घातलेले. कुदळ-फावड्याने चिखल कापून, हातोहात फेकून, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्यांनी भरती ओसरेपर्यंत बांध उभा केला. आणि मग ते तसेच, चिखलाने माखलेले, उरलेली पाळी भरायला गेले. फोरमनने एकाला पाळी सोडली म्हणून दमही दिला होता, असं मी नंतर ऐकलं.

मोठ्या साहेबांना हे कळलं तेव्हा त्यांनी ठरवलं की रौप्यमहोत्सवात या अकरा जणांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा. फोटो काढायचे. बाई त्यांच्यासमोर बसल्या होत्या, मी मागे वही घेऊन.

"त्यांच्या घरच्यांना बोलवायचं ना?" बाईंनी विचारलं.

"अकरा लोक येतीलच की."

"अकरांच्या बायका, पोरं, म्हातारी माणसं. आणि गावातले आपले बाकीचे कामगार. सत्कार घरच्यांनी बघायचा असतो. अनोळखी माणसांनी टाळ्या वाजवून काय होतं?"

साहेब वाईट नव्हते. थोडे घाईत असायचे एवढंच. म्हणाले, "ठीक आहे, आणा. लॉऱ्या देतो. पण परदेशचे भागीदार येणार आहेत, हॉल चांगल्यातला हवा. तुमचे ते पत्र्याचे हॉल नकोत."

झालं. चांगल्यातला हॉल, आणि पावण्याची दोनशे माणसं. आम्ही तीन आठवडे फिरलो. पहिला हॉल पंख्यांपायी गेला. दुसऱ्यात लॉरी उभी करायला जागा नाही. तिसऱ्यात "लहान मुलांना प्रवेश नाही" अशी पाटी, ती वाचून बाई आत गेल्याच नाहीत. चौथा तेवीस पायऱ्यांचा. पाचव्यात कडी नाही. सहाव्या हॉलमधे मी वर्तमानपत्र वाचत असताना मला उभ्या उभ्या डुलकी लागली. बाईंचं "काय?" ऐकून जागा झालो. तिथून परत येताना वॅगनचं चाक मुलुंडजवळ बसलं. उन्हात रस्त्याकडेला बसून मी मनात म्हटलं, आता पुढचा जो असेल तो. देवा, पुढचा जो असेल तो.

सातवा हॉल खरोखर चांगला होता. दक्षिण मुंबईतला, समुद्राच्या अंगाला. रस्त्यापासून तीन पायऱ्या. मोरीला कडी. मी रंगमंचावर उभा राहून नुसता कुजबुजलो तरी शेवटच्या रांगेतून "हं, पुढे" आलं. बाईंच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच समाधान बघितलं. पिण्याच्या पाण्याची सोय बघायला त्या पाठीमागे गेल्या आणि मी ऑफिसात बुकिंगचा फॉर्म भरायला बसलो.

तिथला कारकून चष्म्यावरून बघत म्हणाला, "किती लोक? कोण आहेत?"

मी सांगितलं.

"गावची माणसं म्हणजे लुगडी-लंगोटीवाली ना? मग ती बाजूच्या जिन्याने. थेट बाल्कनीत. पुढच्या दाराने नाही." आणि त्याने फॉर्मवरच्या छापील नियमांतल्या एका ओळीवर पेन्सिल टेकवली. इंग्रजीत लिहिलं होतं, योग्य पोशाख नसलेल्यांना मुख्य दाराने प्रवेश नाही. "कमिटीचा नियम आहे. आमच्याकडे पहिल्यापासून असंच. इथे सही करा."

मला ते आवडलं नाही हे खरं. पण मला हेही दिसलं की हे बाईंना सांगितलं की आठवा हॉल, मग नववा. पुन्हा ठाण्याचा वळसा, पुन्हा कांद्याबटाट्याचे भाव. मी स्वतःला सांगितलं, गाडीत सांगू. सही केली.

गाडीत बाई खिडकीशी बसल्या. गुडघे चोळले नाहीत. म्हणाल्या, "झालं बाबा एकदाचं." आणि थोड्या वेळाने, "जोमादादाची आई येईल ना रे? ऐंशीची आहे म्हणे. तीन पायऱ्या चढेल."

मी म्हटलं, "चढेल." आणि ठरवलं की आता सांगायचं नाही. समारंभाच्या दिवशी आधी जाऊन दारवानाला गाठू, काहीतरी मिटवू.

त्या दिवशी मी दारवानाला गाठलं नाही. मला सकाळीच रंगमंचामागे शाली घड्या करायला, नारळांना हळदकुंकू लावायला, नावांची यादी बिनचूक टाइप करायला बसवलं होतं. हे कारण नाही, जे झालं ते सांगतोय. पाचच्या सुमाराला मी एकदा उठलो, पण कुणीतरी हार कुठे ठेवले म्हणून विचारलं आणि मी परत बसलो.

तीन लॉऱ्या आल्या. माणसं दुपारी जेवणवेळेला पावण्याहून निघाली होती. बायकांनी ठेवणीतली लुगडी नेसली होती, केसांत अबोली माळली होती, अंगावर असेल नसेल ते सोनं घातलं होतं. जोमादादाने धोतर नेसून वर कोट घातला होता. दारवानाने हात आडवा केला आणि बाजूचा जिना दाखवला.

हे मी पाहिलं नाही. बाईंना कुणीतरी बोलवायला आलं, त्या कॅनव्हासच्या बुटांनी धावत गेल्या, आणि त्यांच्या मागे मी. आम्ही बाहेर पोचलो तेव्हा भांडण वगैरे काही नव्हतं. माणसं गुपचूप परत लॉऱ्यांत जाऊन बसली होती. बायकांनी फडकी सोडली होती. त्या फुटपाथवर, त्या तीन संगमरवरी पायऱ्यांसमोर, तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याच्या चटणीचा वास सुटला होता.

"जोमादादा, उतरा," बाई म्हणाल्या. "मी बोलते त्यांच्याशी."

"बाय, नको. मी बोललू त्याच्याशी. जिन्याशी जा म्हनतं. आमी आथंच बरं हाव." तो शांत होता. "तू जा आत. तुजा काम हाय."

बाई दारवानाशी बोलल्या. मग हॉलच्या मॅनेजरशी. मॅनेजरने कपाटातून फॉर्म काढून तो नियम दाखवला. सहीवर त्याचं बोट नव्हतं, नियमावर होतं. बाईंनी चष्मा वर करून ती ओळ वाचली आणि कागद परत दिला. तेवढ्यात मोठे साहेब आले. हळू आवाजात म्हणाले, "बाल्कनीतून उलट छान दिसतं. तुम्ही त्यांना समजावा. पाहुणे बसलेत आत."

"माझ्याने नाही समजावणं व्हायचं," बाई म्हणाल्या.

त्या आत गेल्या, मधल्या वाटेने चालत रंगमंचावर गेल्या आणि माईकसमोर उभ्या राहिल्या. सगळ्यांना वाटलं, कार्यक्रम सुरू झाला. टाळ्या पडल्या. बाई म्हणाल्या, "आज ज्यांचा सत्कार आहे ते लोक बाहेर लॉरीत बसून जेवतायत. या हॉलचं दार त्यांना उघडं नाही. हॉल मी निवडला. ते आत येईपर्यंत आपण थांबू या."

हॉल थांबला. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही, पण पंख्यांचा आवाज ऐकू येत होता. परदेशी पाहुण्याने शेजाऱ्याकडे वाकून काहीतरी विचारलं, शेजाऱ्याने हसून काहीतरी सांगितलं. कुणी उठलं नाही. मग विक्री खात्याचे एक अधिकारी चपळाईने वर आले, त्यांनी बाईंच्या हातातून माईक घेतला, सभ्यपणे, आणि स्वागताचं भाषण सुरू केलं. बाई खाली उतरल्या आणि ज्या वाटेने आल्या त्याच वाटेने चालत बाहेर निघून गेल्या. त्यांच्यामागे कुणी गेलं नाही. मीही नाही.

सत्काराची वेळ आली तेव्हा नावं वाचायला बाई नव्हत्या, म्हणून यादी माझ्या हातात दिली गेली. हा प्रकार वगळावा असं कुणाला सुचलं नाही. छापील कार्यक्रमपत्रिकेत तो होता. मी पहिलं नाव वाचलं. थांबलो. कुणी आलं नाही. शाल घेऊन उभे असलेले साहेब पडद्याकडे बघत राहिले. मी दुसरं नाव वाचलं. तिसऱ्या नावाला पुढच्या रांगेत कुणीतरी रीत म्हणून टाळ्या वाजवल्या, मग प्रत्येक नावाला थोड्या थोड्या वाजत गेल्या. अकरा नावं मी वाचली. माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट जात होता, हे मला कळत होतं. मग पडदा पडला आणि नृत्य सुरू झालं. मी बाहेर आलो तेव्हा लॉऱ्या गेलेल्या होत्या आणि बाईही त्यांच्याबरोबर.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बाईंकडून लेखी माफी मागवली. बाईंनी ती मला टाइप करायला दिली. चार ओळी होत्या. ती साहेबांना उद्देशून नव्हती, पावण्याच्या कामगारांना होती : हॉल मी निवडला. सगळं तपासलं आणि कोणत्या दाराने कोणाला सोडतात तेवढं तपासलं नाही. ही चूक माझी. मला माफ करावं. मी ते टाइप केलं. एकही चूक न करता. कार्बन काढून प्रत फाइलला लावली. बाईंनी मूळ कागद स्वतः फाटकाजवळच्या फळ्यावर टाचला आणि दुपारपर्यंत तो काढून टाकला गेला.

त्यांना समारंभांवरून काढून कँटीनच्या कोठीवर दिलं. शाली आणि नारळ फाटकावरच्या ऑफिसातून, सह्या घेऊन, वाटले गेले.

पुढच्या वर्षी साहेबांनी मला बोलावून सांगितलं, संमेलनाचा हॉल तू बघ, तुला अनुभव आहे. मी "हो" म्हणालो आणि तिथून सरळ कोठीत गेलो. बाई तांदूळ निवडायला बसलेल्या बायकांमधे सूप घेऊन बसल्या होत्या. मी त्यांना बाहेर बोलावलं आणि सांगितलं. फॉर्म, पेन्सिल, सही, सगळं.

त्यांनी डावा कान माझ्याकडे करून सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "सही तुझी होती, ते मी तेव्हाच पाहिलं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? आधी आत गेले त्या प्रत्येक हॉलचा फॉर्म मी स्वतः वाचला. सातव्याचा मागितलासुद्धा नाही. वाचला असता तर काहीतरी निघालं असतं. मीही दमले होते रे." त्यांनी पदराने हात पुसले. "मला सांगून तुझं ओझं उतरेल, त्यांचं काय? जोमादादाला जाऊन सांग."

मी रविवारी पावण्याला गेलो. जोमादादा ओट्यावर जाळं सांधत बसला होता. त्याची बायको हिरूबाय मासळीची पाटी धूत होती. मी उभ्यानेच सांगून टाकलं. जोमादादाने जाळ्यावरची मान वर केली.

"तुला ठावं व्हता?"

"हो."

"मंग बोलला का नाय?"

"दमलो होतो, दादा. सात हॉल बघितले होते."

तो हसला. रागाने नाही, पण फार वेळ हसला. "आयकला काय गो? आमी बांद घालून दमलू, नि यो खुर्च्या बगून दमला!"

हिरूबाय हसली नाही. तिने मला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि विचारलं, "आतमंदी काय व्हता रं? कवरा मोठा व्हता?" मी तिला सांगायला लागलो. मखमलीचा तांबडा पडदा, दोन बाजूंनी सरकणारा. झुंबर. नाचणारी बाई आणि तिच्या पायातले घुंगरू. ती पाटी धुवायची थांबली होती. माझं सांगून झाल्यावर ती नवऱ्याला नाही, मलाही नाही, असं म्हणाली, "मना बगायचा व्हता."

हे मी बाईंना येऊन सांगितलं.

पुढे पंधरा-वीस दिवसांनी एका सोमवारी त्या कोठीच्या दारात मला भेटल्या आणि म्हणाल्या, "काल नाटकाला गेले होते. त्या हॉलला. हिरूबाई होती, गावच्या आणखी तिघी होत्या."

"पुढच्या दाराने?"

"मग? तिकिटं होती आमच्याकडे. पुढच्या रांगेची."

"दारवान काही बोलला नाही?"

"बोलायला लागला होता. हिरूबाईनेच पाचही तिकिटं त्याच्या नाकासमोर धरली. म्हणाली, मोजून घे."

मला इतकं बरं वाटलं की मी मोठ्याने हसलो. "आणि? आवडलं त्यांना?"

"आवडलं की. पडदा आवडला. झुंबर आवडलं. पहिला अंक डोळे मोठे करून बघितला तिने. दुसऱ्या अंकात झोप लागली. पहाटे तीनला उठून मासळीला गेलेली, मग बाजार, मग एवढा प्रवास. माझ्या खांद्यावर मान टाकून घोरायलाच लागली. मागचे लोक शुक् शुक् करत होते."

"मग तुम्ही उठवलं?"

"छे," बाई म्हणाल्या. "झोपू दे म्हटलं बिचारीला. नाटक संपेपर्यंत मी हललेसुद्धा नाही."